नर्मदेच्या पाण्याची परीक्षा

अमरकंटकाहून निघालेली १३१२ किलोमीटर लांबीची नर्मदा जबलपूरच्या हद्दीत शिरते, तेव्हा ती सर्वस्वी निसर्गाधीन राहिलेली नसते. कारण वरच्या अंगास बरगीचे धरण आहे आणि शहराच्या ग्वारीघाटावर पाणी किती असावे, हे पर्जन्याइतकेच धरणाच्या विसर्गावर ठरते. जलशास्त्रज्ञ याला गौण मानीत नाही, कारण जी घाण भरल्या पात्रात विरून जाते, तीच उन्हाळ्यातल्या रोडावलेल्या प्रवाहात उग्र रूप धरते.

पाण्यात विरघळलेला प्राणवायू तपासण्यासाठी नमुना घेण्याची रीत मोठी काटेकोर. बाटली पाण्याखाली धरून, आत एकही बुडबुडा न राहील अशी भरावयाची. मग मँगनीज सल्फेट व आयोडाइडयुक्त अल्कली घातली, की प्राणवायू असल्यास तपकिरी साका बसतो, नसल्यास तो पांढराच राहतो. नर्मदेला मिळणाऱ्या गौर नदीकाठच्या गोठ्यांतील शेण प्रवाहात गेले, म्हणजे ते कुजविणारे जीवाणू हाच प्राणवायू फस्त करतात. भेडाघाटास धुआंधार प्रपातात हवा पाण्यात पुन्हा मिसळते खरी. रोगजंतू मात्र त्या फेसाला भीत नाहीत!

स्नानयोग्य पाण्यास लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू हवा, असा सरकारी दंडक आहे. प्रत्यक्ष मोजलेला आकडा घाटावरच्या फलकावर रोज लिहिला जावा, अशी तगादेवजा मागणी नागरिकांनी अवश्य करावी.