निष्ठेच्या करारातून एकेश्वराकडे

यहुदी धर्माच्या आरंभकाळाचा विचार करताना एकेश्वरवाद, म्हणजे ईश्वर एकच आहे ही श्रद्धा, त्या धर्माच्या मुळाशीच होती असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. उपलब्ध पुरावा मात्र वेगळा क्रम सुचवतो. सिनाय वाळवंटातील कुंतिल्लेत अजरूद येथे मिळालेल्या, इ.स.पू. 800च्या सुमाराच्या रांजणांवरील लेखांत इस्राएली लोकांचा देव याहवे याच्याबरोबर 'त्याच्या अशेरा'चा उल्लेख येतो, आणि अशेरा ही देवी होती की तिचे प्रतीक असलेला खांब, हा वाद अद्याप मिटलेला नाही. दहा आज्ञांमध्येही इतर देवांचे अस्तित्व नाकारलेले नाही. त्यांना भजण्यास तेवढी मनाई आहे. या भूमिकेला एकोपासना म्हणतात, आणि तिचा आधार तत्त्वचिंतनापेक्षा करारात अधिक आहे.

हा करार म्हणजे ईश्वर आणि एक जनसमुदाय यांना परस्परांशी बांधणारा शपथपूर्वक संबंध होय. त्याचा साचा बऱ्याच अंशी तत्कालीन राजकारणातून आला. अश्शूरचा सम्राट एसरहद्दोन याने इ.स.पू. 672 मध्ये आपल्या मांडलिकांकडून युवराजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली. तिच्या मजकुरात युवराजावर प्रेम करण्याची, फितुरीची चिथावणी देणारा सख्खा भाऊ असला तरी त्याची गय न करण्याची अट आणि शपथ मोडणाऱ्यासाठी शापांची लांबलचक यादी आहे. बायबलमधील 'अनुवाद' या ग्रंथात हीच मागणी, जवळजवळ त्याच क्रमाच्या शापांसह, याहवे करतो. अश्शूरचे मांडलिक असलेल्या यहूदा राज्यातील लेखकांनी सम्राटाची भाषा उचलून निष्ठेचा हक्क मात्र देवाकडे वळवला, हे अनुकरण असले तरी त्यात बंडाचा अंश मोठा आहे.

इ.स.पू. 586 मध्ये बाबिलोनी सैन्याने यरुशलेमचे मंदिर जाळले, तेव्हा या विचाराची खरी कसोटी लागली. राष्ट्राचा पराभव म्हणजे त्याच्या देवाचाही पराभव, हा त्या जगाचा रूढ समज होता. परंतु करार लोकांनीच मोडला आणि देवाने त्याची शिक्षा दिली असे मानले, की बाबिलोन हे त्याच्या हातचे साधन ठरते, आणि परक्या साम्राज्यालाही राबवणारा देव एका टोळीचा राहत नाही. यशयाच्या ग्रंथातील चाळिसाव्या अध्यायापासूनच्या भागात, ज्याचा कर्ता अज्ञात आहे, अन्य देव मुळातच नाहीत हे प्रथमच इतक्या स्पष्टपणे मांडले गेले.

हा विचार सर्वत्र लगेच रुजला मात्र नाही. इजिप्तमधील एलिफंटाइन बेटावरच्या यहुदी वसाहतीत, इ.स.पू. 400च्या सुमारासही, मंदिराच्या वर्गणीच्या हिशेबात याहूबरोबर (याहवेच्या नावाचे तिथले रूप) अनत-बेथेल या देवीचा वाटा नोंदलेला आढळतो.