मिठाच्या भावात सापडलेला रेल्वेचा हिशेब

ब्रिटिश अमदानीत आगगाडी पोहोचल्यावर हिंदुस्थानातल्या जिल्ह्याचे शेतीउत्पन्न किती वाढले? अर्थशास्त्रज्ञ डेव्ह डोनाल्डसन यांच्या हिशेबाने, भाववाढ वजा करून सरासरी 16 टक्के. त्यांचा हा शोधनिबंध ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात 2018 साली प्रसिद्ध झाला. कच्चा मसुदा मात्र त्याआधी अनेक वर्षे अभ्यासकांच्या हाती होता. आकडा लक्षात राहणारा आहेच, पण त्याहून विलक्षण आहे तो तिथवर पोहोचण्याचा मार्ग.

बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी 16 एप्रिल 1853 रोजी धावली आणि 1930पर्यंत लोहमार्गांची लांबी सुमारे 67 हजार किलोमीटरवर गेली. रेल्वे येण्याआधी देशावरचा माल मुख्यतः बैलांच्या पाठीवर किंवा गाड्यांतून जाई. बैल दिवसाला फार तर 30 किलोमीटर चालत, आगगाडी त्याच वेळात 600 किलोमीटर जाऊ शके. वाहतूक स्वस्त झाली हे उघडच आहे. किती स्वस्त झाली, हे सांगणे मात्र अवघड. जळगावात आणि नागपुरात गव्हाचा भाव वेगळा असेल, तर तो फरक वाहतुकीचाच असे म्हणता येत नाही. कदाचित या दोन बाजारांत गव्हाची देवघेवच होत नसेल.

ही अडचण मिठाने सोडवली. मीठ वाटेल तिथे पिकत नाही. ते समुद्रकाठच्या आगरांत, राजस्थानातल्या सांभर सरोवरात किंवा पंजाबातल्या खाणींतच मिळते. शिवाय त्या काळी बाजारात ते मूळ ठिकाणाच्या नावाने विकले जाई, आणि सरकारी दरपत्रकांत ठिकठिकाणच्या मिठाचे भाव नोंदवलेले होते. सांभरचे मीठ दूरच्या एखाद्या जिल्ह्यात विकले गेले, तर ते सांभरहूनच आले असणार. मग तिथला भाव आणि सांभरचा भाव यांतली तफावत हा ते मीठ तिथवर आणण्याचा खर्च. अशा आठ प्रकारच्या मिठांचे भाव डोनाल्डसन यांनी वर्षानुवर्षांच्या नोंदींतून गोळा केले. रूळ जसजसे पसरले, तसतशी ही तफावत कमी होत गेली. लमाणांच्या तांड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कोकणातून घाट चढवून नेलेली ही साधी वस्तू आधुनिक अर्थशास्त्राची मोजपट्टी ठरली.

दुसरी शंका अधिक मूलभूत आहे. सरकार रेल्वे टाकते ते भरभराटीची आशा असलेल्या भागात. तो भाग पुढे संपन्न झाला, तर श्रेय रेल्वेचे की आधीच्या सुपीकतेचे? इथे मदतीला आले सरकारी दप्तरातले आराखडे. सर्वेक्षण झालेले, खर्चाचा अंदाजही बांधलेले, पण कधीच न बांधलेले असे 40 हजार किलोमीटरांहून अधिक मार्ग त्यांत होते. रेल्वे मिळण्याची अपेक्षा असलेले, पण ती न मिळालेले हे जिल्हे. त्यांच्या उत्पन्नात तशी वाढ दिसली नाही. फसलेल्या योजनांच्या कागदांना पुरावा म्हणून उभे करणारी ही युक्ती या निबंधातली सर्वांत सुंदर गोष्ट म्हणावी लागेल.

रॉबिन बर्जेस यांच्यासोबत 2010 साली प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या अभ्यासात डोनाल्डसन दुष्काळाकडे वळले. रेल्वे येण्यापूर्वी पाऊस हुकला की उपासमारीची तीव्रता वाढे; रेल्वे आल्यावर हा संबंध जवळजवळ नाहीसा झाला, असा निष्कर्ष निघाला. बाहेरचे धान्य येऊ लागले, हे त्याचे कारण. हा निष्कर्ष मात्र सरासरीचा आहे. 1876 ते 1878च्या महादुष्काळात सोलापूरवरून रायचूरला जाणारी रेल्वे चालू होती, तरी दख्खनमध्ये माणसे मोठ्या संख्येने मेली. धान्य गाडीतून येऊ शकते, पण ते विकत घ्यायला हातात पैसा लागतो.

या संशोधनाच्या बातम्यांवरून ‘इंग्रजांनी रेल्वे देऊन देश श्रीमंत केला’ असे कोणी म्हणत असेल, तर ते निबंधात नाही. तिथे जमिनीतून निघालेले उत्पन्न मोजले आहे. सावकाराकडे, जमीनदाराकडे आणि कुळाकडे किती गेले हे मोजलेले नाही. बांधकामाचा भार कोणी उचलला, हाही वेगळा प्रश्न. सुरुवातीच्या रेल्वे कंपन्यांच्या भांडवलावर 5 टक्के परताव्याची हमी सरकारने दिली होती, आणि कमी पडणारी रक्कम हिंदी करदात्यांच्या पैशातून भरली जाई.

हा प्रश्न लावून धरणाऱ्यांत गणेश व्यंकटेश जोशी हे नाव आज फारसे घेतले जात नाही, ही खंत वाटावी अशी गोष्ट आहे. सरकारी शाळेत शिक्षकी करणाऱ्या या गृहस्थांनी 1880च्या दशकात पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात सरकारी आकडेवारीचा बारकाईने कीस काढला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1897 साली हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे दिलेल्या साक्षीमागेही जोशींची मेहनत होती. रेल्वेवरचा खर्च म्हणजे हिंदुस्थानने ब्रिटिश उद्योगांना दिलेले अनुदान मानावे, असे जोशींचे म्हणणे. स्वस्त विलायती कापड रेल्वेने खेडोपाडी पोहोचले आणि विणकरांचा धंदा बसला, ही त्या काळच्या टीकाकारांची मुख्य तक्रार होती. डोनाल्डसन यांच्या 16 टक्क्यांत हे नुकसान धरलेले नाही. सारावसुलीसाठी सरकार पिकांच्या जिल्हावार नोंदी वर्षानुवर्षे ठेवी. हातमागावर किती कापड निघाले याची तशी सलग नोंद कोणी ठेवली नाही.