घागर किती, ग्राव किती?

मार्च उजाडला की गोव्यातल्या काजूबागांमधून आंबूस वास येऊ लागतो. बोंडे तुडवून काढलेला रस काही दिवस आंबवतात, मग तो भाणात, म्हणजे गाळायच्या भांड्यात, ओतून खाली चूल पेटवतात. पहिल्या धारेला मिळते ती हुर्राक. ती पुन्हा आंबलेल्या रसात मिसळून भट्टीवर चढवली की फेणी. प्रश्न एवढाच: भाणात इतके ओतले, तर हाती किती येणार?

लिटर मोजून याचे उत्तर मिळत नाही, कारण मोजायचा असतो त्यातला मद्यार्क. समजा, भाणात १५ टक्क्यांची हुर्राक ६० लिटर आणि ५ टक्क्यांचा आंबलेला रस ४० लिटर आहे. हुर्राकीत ९ लिटर मद्यार्क, रसात २, एकूण ११. बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के छापलेले असते. ११ ला ०.४२८ ने भागले, की साधारण पावणेसव्वीस लिटर येतात. शंभर लिटरांतून एवढेच, तेही कागदावर. प्रत्यक्षात शेवटची धार पाणचट होत जाते आणि काही मद्यार्क भाणातच राहतो, म्हणून हाती त्याहून कमी लागते.

बेरीजही फसवी असते. ५० मिलिलिटर शुद्ध मद्यार्कात तेवढेच पाणी ओतले, तर १०० नव्हे, जेमतेम ९६-९७ मिलिलिटर भरते. दोन्हींचे रेणू एकमेकांत अधिक दाटीने बसतात.

म्हणून गोव्यातले जुने भट्टीवाले घागरीबरोबर ‘ग्राव’ही पाहतात. कार्तिये नावाच्या युरोपीय मापपट्टीवरचे हे अंश. ही पट्टी आखलेली काचेची नळी द्रवात तरंगते. मद्यार्क पाण्याहून हलका, म्हणून तो जितका जास्त तितकी नळी खोल बुडते. या पट्टीवर पाणी दहाच्या आसपास, फेणी एकोणीस-वीस. मात्र धार कोमट असेल तर द्रव प्रसरण पावून पातळ होतो, नळी जास्त बुडते आणि ग्राव फुगलेला दिसतो. निववून मोजावे लागते.

नळी नसेल तेव्हा? पेल्यात उंचावरून धार सोडायची आणि कडेला जमणारे बुडबुडे किती वेळ टिकतात ते बघायचे. फेणी हे नावच ‘फेस’ या अर्थाच्या शब्दावरून आल्याचे मानले जाते.

काजूफेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गोव्यात भट्टी लावायला अबकारी खात्याचा परवाना लागतो. महाराष्ट्रात घरी दारू गाळणे हा गुन्हा आहे.