गुंठ्यांची खरेदी आणि ओळखींचे जाळे

महाराष्ट्रात जमिनीत पैसा गुंतवणारा लहान गुंतवणूकदार म्हणजे बहुधा शहरालगतच्या गावात दोन-चार गुंठे घेऊन ठेवणारा किंवा बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पात एखादी सदनिका नोंदवणारा नोकरदार, शिक्षक, निवृत्त कर्मचारी अथवा छोटा व्यापारी होय. शेअरचा भाव सर्वांना एकाच वेळी दिसतो, पण जमिनीचा भाव सांगोवांगीच कळतो. त्यामुळे कार्यालयातील सहकारी, गावाकडचे नातलग, एजंट आणि दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर बसणारे दस्तलेखक यांच्या ओळखींतूनच या बाजारातील माहिती वाहते. ही माहिती सर्वच बाबतींत सारख्या मोलाची नसते. भाव कोठे वाढणार हे सांगताना असे जाळे क्वचितच भरवशाचे ठरते. कोणत्या गटाचा कागद कोठे अडकला आहे हे मात्र त्याच्याइतके नेमकेपणाने दुसरे कोणी सांगू शकत नाही.

नवा रस्ता होणार, कारखाना येणार, ‘रोडटच’ भूखंड आता मिळणार नाहीत, अशा वार्ता सांगणाऱ्याला व्यवहार झाल्यावर टक्का मिळत असतो किंवा त्याचे स्वतःचे गुंठे विकायचे असतात. यात त्याची लबाडीच असते असे नाही, परंतु खरेदी झाली तरच ज्याचा लाभ होतो त्याचा सल्ला आणि खरेदी फसली तरी ज्याचे काही बिघडत नाही त्याचा सल्ला एकाच तराजूत तोलता येत नाही. स्थावर संपदा कायदा 2016 चा. महाराष्ट्रात ‘महारेरा’ हे नियामक प्राधिकरण मे 2017 पासून काम करू लागले. या कायद्याने नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीसाठी एजंटालाही नोंदणी सक्तीची केली. गावातील मोकळ्या शेतजमिनीचे व्यवहार जमवणारा मध्यस्थ मात्र बहुधा या चौकटीबाहेर राहतो, आणि लहान गुंतवणूकदाराची गाठ पडते ती नेमकी त्याच्याशीच.

ओळखींचा खरा उपयोग सुरू होतो तो कागदांपाशी. सातबारा उतारा हा गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख आणि गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद यांचा संयुक्त उतारा असतो. त्यातील ‘इतर हक्क’ या रकान्यात कर्जाचा बोजा, कुळाचा हक्क किंवा न्यायालयातील वादाची नोंद आढळू शकते. भोगवटादार वर्ग दोन असा उल्लेख असेल, तर ती जमीन शासनाच्या अटींवर दिलेली असते आणि सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तिचे हस्तांतरण करता येत नाही. तथापि सातबारा हा महसुली अभिलेख आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, आणि ‘टायटल क्लिअर आहे’ या तोंडी हमीला येथेच तडा जातो. त्यासाठी फेरफार नोंदी मागे मागे वाचत जाव्या लागतात, दुय्यम निबंधकाकडील सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांचा गोषवारा, साधारणपणे तीस वर्षांपर्यंत वकिलाकडून तपासून घ्यावा लागतो आणि हरकती मागवणारी जाहीर नोटीस वृत्तपत्रात द्यावी लागते. वडिलोपार्जित जमिनीतील बहिणीचा हिस्सा, तोंडी झालेली वाटणी किंवा वारसनोंद न झालेला चुलत भाऊ या गोष्टी मात्र कोणत्याही उताऱ्यात सहज दिसत नाहीत. त्या गावातल्या माणसालाच ठाऊक असतात. एजंटाने ओळख करून दिलेल्या माणसाऐवजी शेजारच्या गटाच्या मालकाशी, म्हणजे बांधाच्या पलीकडच्या शेतकऱ्याशी, तासभर बोलणे म्हणूनच अधिक फलदायी ठरते. जागेला वहिवाटीचा रस्ता खरोखर आहे की तो केवळ विक्रेत्याने काढलेल्या नकाशात आहे, हेही तेथेच समजते. हद्दींविषयी शंका राहिल्यास भूमी अभिलेख विभागाकडून सरकारी मोजणी करून घेता येते.

विसार पावती, साठेखत आणि खरेदीखत यांतील भेदही अनेकदा पुसट केला जातो. साठेखत हा भविष्यात विक्री करण्याचा करार असतो, मालकी जाते ती नोंदणीकृत खरेदीखताने. केवळ कुलमुखत्यारपत्राच्या आधारे झालेल्या ‘विक्री’ने मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले, तरी नोटरीसमोर केलेल्या कागदावर भूखंड विकण्याची प्रथा अनेक शहरांच्या कडेला टिकून आहे. या प्रथेमागे 1947 चा तुकडेबंदी कायदा आहे. शेतीचे लहान लहान तुकडे पडू नयेत यासाठी त्याने किमान क्षेत्र ठरवले असून, 2023 च्या अधिसूचनेनुसार राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत ते जिरायतीसाठी 20 आर आणि बागायतीसाठी 10 आर आहे. एक आर म्हणजे 100 चौरस मीटर, गुंठ्याहून किंचित कमी. निवासी वापराकडे वळलेल्या भागांत या निर्बंधातून सवलती मिळत आल्या आहेत आणि गुंठेवारी नियमित करण्यासाठी 2001 पासून स्वतंत्र कायदाही आहे, परंतु शासन कधीतरी नियमित करील या आशेवर आजचा भाव मोजणे हा निव्वळ जुगार होय.

नियमांची ही अडचण टाळण्यासाठी मित्रमंडळी मिळून एखादा एकर घेतात आणि सर्वांची नावे एकाच सातबाऱ्यावर लावतात. मुळात महाराष्ट्रात शेतजमीन घेण्यास खरेदीदार सर्वसाधारणपणे शेतकरी असावा लागतो, ही अट अशा मंडळींतील एक-दोघांनाच पूर्ण करता येते. ती अट सर्वांनी पूर्ण केली तरी प्रत्येकाला मिळतो तो अविभक्त हिस्सा. खासगी नकाशावर आखलेला ‘कोपऱ्यावरचा सात नंबर’ कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वात नसतो. पुढे एकाला मुलीच्या लग्नासाठी पैसे हवे असतात, दुसरा वारल्यावर चार वारसांची नावे लागतात, तिसरा परदेशी असतो आणि संपूर्ण क्षेत्र विकायचे तर प्रत्येकाची सही लागते. मैत्रीत लिखापढी कशाला, हा संकोच अशा वेळी सर्वांत महाग पडतो. किती जणांच्या संमतीने विक्री व्हावी, बाहेर पडणाऱ्याच्या हिश्शाचे मूल्य कसे ठरावे, मोजणी आणि कुंपणाचा खर्च कोणी किती सोसावा, हे पैसे देण्यापूर्वीच लेखी ठरवणे आणि प्रत्येकाने आपली रक्कम एकाच्या खात्यात न टाकता बँकेमार्फत थेट विक्रेत्यास देणे, एवढ्यानेही बरेच तंटे टळू शकतात.

हेच जाळे फार मोठे झाले म्हणजे काय होते, याचे ठळक उदाहरण पीएसीएल ही कंपनी आहे. शेतजमिनीची खरेदी आणि विकास या नावाखाली तिने देशभर हप्त्याहप्त्याने पैसे गोळा केले. ही नियमबाह्य सामूहिक गुंतवणूक योजना असल्याचे ठरवून सेबीने ऑगस्ट 2014 मध्ये 49,100 कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. गुंतवणूकदारांची संख्या सुमारे 5.85 कोटी होती. पुढे सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये माजी सरन्यायाधीश राजेंद्रमल लोढा यांच्या अध्यक्षतेखाली जमिनी विकून पैसे परत करण्यासाठी समिती नेमण्याचा आदेश दिला. योजनेचा प्रसार झाला तो मुख्यतः एजंटांमार्फत, आणि हा एजंट पुष्कळदा गावातलाच, नात्यातलाच असे. त्याच्यावरील विश्वासाने गट क्रमांक, सातबारा आणि ताबा हे प्रश्न विचारण्याची गरजच उरली नाही.

प्रकल्पातील सदनिका किंवा भूखंड घेणाऱ्यांसाठी मात्र कायद्याने एकत्र येण्याच्या रीतसर वाटा ठेवल्या आहेत. नोंदणीकृत करार केल्याशिवाय विकासकाला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, मंजूर आराखड्यातील मोठ्या बदलांना दोन-तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते, आणि निम्म्याहून अधिक नोंदणी झाल्यावर तीन महिन्यांत खरेदीदारांची संस्था स्थापण्याची प्रक्रिया अपेक्षित असते. ही संस्था महारेराकडे स्वतः तक्रार करू शकते. सामोपचाराने प्रश्न सोडवायचा असल्यास महारेराचा सलोखा मंच असून, त्यात मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या ग्राहक संघटनांचे प्रतिनिधी बसतात. दिवाळखोरीच्या मार्गाने जायचे तर 2020 च्या दुरुस्तीनंतर एकाच प्रकल्पातील किमान 100 खरेदीदार किंवा एकूण खरेदीदारांच्या दहा टक्के, यांपैकी कमी असेल तेवढे जण एकत्र यावे लागतात. गुंतवणुकीसाठी घेणारा बहुधा तेथे राहत नाही, बांधकामस्थळी फिरकत नाही आणि इतर खरेदीदारांना ओळखतही नाही. शंभर जण गोळा करणे सर्वांत जड जाते ते त्यालाच.

त्याच्यापुढे आणखी एक पेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये पायोनियर अर्बन प्रकरणात खऱ्या घरखरेदीदाराला दिवाळखोरी कायद्याचे संरक्षण कायम ठेवले, पण घर घेण्यात ज्याला रस नाही अशा सट्टेबाज गुंतवणूकदाराला हा मार्ग वापरू देता येणार नाही, असेही बजावले. ठरावीक परतावा किंवा वाढीव किमतीने पुनर्खरेदी यांची हमी देणारे करार विकासकाकडून लहान गुंतवणूकदारांपुढे आमिष म्हणून ठेवले जातात आणि एजंट हेच कलम सर्वांत आधी दाखवतो. विकासक अडचणीत आल्यावर त्याच कलमावर बोट ठेवून, हा ग्राहक घरासाठी आलाच नव्हता, असा युक्तिवाद त्याच्याविरुद्ध करता येतो.