संथ रक्तकर्करोग आणि शाकाहार

रक्ताचा कर्करोग म्हटला की तातडीच्या उपचारांची धावपळ डोळ्यांपुढे उभी राहते. ‘क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया’ हा त्याचा प्रकार मात्र या समजुतीस अपवाद आहे. बहुधा उतारवयात होणारा हा विकार अनेकदा इतका संथ वाढतो की, लक्षणे नसल्यास डॉक्टर औषध न देता केवळ ठरावीक काळाने रक्त तपासतात. भारतात जन्मलेले डॉ. कांती राय यांनी १९७५ साली सहकाऱ्यांसह मांडलेली या रोगाच्या अवस्थांची प्रतवारी आजही वापरात आहे.

निदान झाले, पण औषध नाही, अशा प्रतीक्षेच्या काळात रुग्णाच्या हाती उरतो तो आहार. धान्ये, कडधान्ये, भाज्या आणि फळे यांवर राहिल्यास रोग लांबणीवर पडेल काय, हा त्याचा प्रश्न स्वाभाविक आहे. स्पेनमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रक्रिया केलेले मांस, गोडधोड आदींचा पाश्चात्त्य आहार अधिक घेणाऱ्यांत हा विकार अधिक आढळला. परंतु रोग होण्याचा संभव कमी करणे आणि झालेला रोग रोखणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपल्याकडे हा रोग कमी आढळतो, याचे श्रेयही घाईने शाकाहाराला देता येत नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आशियाई वंशीयांतही त्याचे प्रमाण कमीच आहे.

प्रत्यक्ष रुग्णांवरील प्रयोग थोडे आहेत. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने प्रारंभिक अवस्थेतील ४२ रुग्णांना हिरव्या चहाचा अर्क दिला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार जवळजवळ एकतृतीयांश रुग्णांच्या रक्तातील लिम्फोसाइट पेशींत २० टक्के वा अधिक टिकाऊ घट झाली. मात्र तुलनेसाठी अर्क न घेणारा गट नव्हता आणि अर्काची मात्रा कपभर चहाच्या कित्येक पट होती. असे तीव्र अर्क यकृतास अपायही करू शकतात.

तुलनेचा हा अभाव किरकोळ नव्हे. या रोगात पेशींची संख्या वर्षानुवर्षे स्थिर राहू शकते, कधी खालीवर होते, क्वचित आपोआप घटतेही. त्या काळात रुग्णाने जे खाल्ले असेल, त्याला यशाचे श्रेय मिळते. संथ रोगात प्रत्येक उपाय गुणकारी भासतो.

समतोल शाकाहाराने हृदय आणि वजन यांना लाभ होतो, हे खरे. दूधही वर्ज्य करणाऱ्यांनी ब-१२ जीवनसत्त्वाची आणि प्रथिनांची तरतूद केली पाहिजे. इब्रुटिनिबसारखे औषध सुरू असताना ग्रेपफ्रूट टाळावे लागते, कारण त्यामुळे औषधाचे रक्तातील प्रमाण वाढते. आणि उपचारांची वेळ आल्यावरही आहारावर विसंबून राहणे म्हणजे हाती असलेला प्रभावी उपाय गमावणे होय.

मग निर्णायक चाचण्या का होत नाहीत? भाजीभाकरीचे पेटंट घेता येत नाही, म्हणून खाजगी भांडवलाला तिच्यात रस नाही. जेथे बाजार उदासीन असतो तेथे सार्वजनिक निधी पुढे यावा लागतो. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राने स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेपूर्वी गाठीभोवती स्वस्त लिडोकेन टोचण्याचा उपाय देशातील ११ केंद्रांत सुमारे १,६०० स्त्रियांवर तपासला. त्याने आयुर्मान सुधारल्याचे निष्कर्ष २०२२ साली जाहीर झाले. स्वस्त उपायाची कठोर परीक्षा या देशात होऊ शकते, हे त्यातून सिद्ध झाले. आहाराचीही तशीच परीक्षा व्हावी. तोवर शाकाहार हा औषधाचा सोबती मानावा, पर्याय नव्हे.