'निळ्या दाढी'मागचा खरा माणूस कोण?



'निळी दाढी' ही गोष्ट तुम्ही वाचली असेल. श्रीमंत नवरा बायकोला सगळ्या किल्ल्या देतो, फक्त एक खोली उघडू नको म्हणतो. ती उघडते, तर आत आधीच्या बायकांची प्रेतं! किल्लीवरचा रक्ताचा डाग काही केल्या जात नाही आणि ती पकडली जाते. शेवटी भाऊ येऊन तिला वाचवतात. शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाने ही गोष्ट १६९७ साली छापली.

मुलं हमखास विचारतात, "असा माणूस खरंच होता का?" पेरोने कोणाचंच नाव दिलेलं नाही. पण फ्रान्सच्या पश्चिम टोकाच्या ब्रिटनी प्रांतातली दोन नावं नेहमी पुढे येतात.

पहिलं नाव : गिल द रे

हा जोन ऑफ आर्कच्या बाजूने लढलेला सरदार. लहान मुलांच्या हत्यांच्या आरोपावरून १४४० मध्ये नांत शहरात त्याला फाशी दिली. पण त्याची बायको एकच होती आणि ती त्याच्यानंतरही जिवंत होती. म्हणजे ही जोडी नीट जुळत नाही.

दुसरं नाव : कोनोमोर

हा सहाव्या शतकातला ब्रिटनीचा सत्ताधीश. गंमत बघा, त्याच काळातला इतिहासकार, तूरचा बिशप ग्रेगरी, त्याच्याबद्दल काय सांगतो? भावाच्या तावडीतून पळालेल्या एका माणसाला कोनोमोरने जमिनीखाली लपवून वाचवलं! पुढे संत सॅमसनच्या जुन्या चरित्रात तो परका, अन्यायी राजा होतो. तिथल्या राजाला मारून तो गादी बळकावतो आणि शेवटी त्या राजाच्या मुलाकडून मारला जातो. बायकांच्या खुनाचा उल्लेख दोन्हीकडे नाही.

तो येतो थेट अकराव्या शतकात, संत गिल्दासच्या चरित्रात. इथे कोनोमोर बायको गरोदर राहिली की तिला मारतो. व्हानच्या राजाची मुलगी त्रेफिन दिवस गेल्यावर पळून जाते. तो तिला गाठतो, तिचं डोकं उडवतो. मग संत गिल्दास ते परत जोडून तिला जिवंत करतात. तिच्या मुलाचं, संत त्रेमरचं, चर्च आजही ब्रिटनीतल्या कारे गावात आहे.

म्हणजे सुमारे पाचशे वर्षांत आश्रय देणारा माणूस राक्षस झाला. का? संतचरित्र लिहिणाऱ्यांना संताचा मोठेपणा दाखवायचा होता. संत जेवढा मोठा, खलनायक तेवढा काळा.

वर्गात काय विचाराल?

सगळ्यात महत्त्वाचा फरक पुढे आहे. त्रेफिनच्या कथेत तिचा काहीच दोष नाही, दोष मारणाऱ्याचा. पेरोने मात्र शेवटी तात्पर्य जोडलं ते बायकांच्या कुतूहलावर! खून करणारा राहिला बाजूला, दार उघडणारी झाली दोषी. कळत-नकळत आपणही मुलांना हेच सांगतो, "बघ, ऐकलं नाही की असं होतं."

म्हणून गोष्ट सांगून झाली की तात्पर्य घाईने देऊ नका. एवढंच विचारा : चूक कोणाची? तिने दार उघडलं नसतं, तर ती सुरक्षित राहिली असती का? मुलींना आणि मुलांनाही याचं उत्तर स्वतः शोधू द्या.