अंगठ्याचे ३० टक्के

पहाटे ३:४५

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोडोलीच्या बाहेर, काखे-मोहऱ्याकडच्या शिवारात ऊसतोड्यांच्या कोप्या उभ्या राहिल्या की आमचा हंगाम सुरू होतो. कामाच्या ठिकाणचं आरोग्य आणि इजेची भरपाई, हा आमच्या छोट्या संस्थेचा विषय. आम्ही चौघं: एक डॉक्टर मॅडम, एक वकील, बीडकडच्या एक ताई आणि मी. मी इथलाच. म्हणून गाडी चालवणं, वाट दाखवणं आणि शेतकऱ्याची समजूत काढणं ही खाती न मागता माझ्याकडे आली आहेत.

एवढ्या पहाटे जायचं कारण साधं आहे. तोड सुरू होण्याआधी माणसाचं वजन, लघवीचा नमुना आणि बोटातल्या रक्तावर मूत्रपिंडाचा हाल सांगणारं क्रिएटिनिन घ्यायचं असतं. तोड संपल्यावर पुन्हा तेच. दोन्हींमधली तफावत म्हणजे त्या दिवसाच्या कामाने शरीरातून काय गेलं त्याचा हिशेब. एकदा कोयता चालू झाला की 'आधी' संपलं, मग नमुना घेऊन उपयोग नाही.

बायका आमच्याही आधी उठलेल्या असतात. चूल पेटलेली, दुपारच्या भाकरी थापणं चालू. पुरुष बैलांकडे. वजनकाट्यावर उभं राहायला पोरं सगळ्यांत आधी येतात, त्यांचंही वजन करावं लागतं, नाहीतर पुढे कोणी येत नाही. ताई संमतीपत्र वाचून दाखवतात. सहीच्या जागी अंगठा उठवताना एका मावशींनी विचारलं, "ह्यावर उचल मिळती का?" उचल म्हणजे मजूर पुरवणारा मुकादम हंगामाआधी देतो ती आगाऊ रक्कम. नाही म्हटल्यावर मावशींनी जरा विचार केला आणि तरीही अंगठा दिला.

सकाळी ५:३०

फडात. थंडी अजून आहे, वाढ्यांवरचं दव अंगावर पडतं. डाव्या हाताने ऊस धरायचा, उजव्या हाताने बुडात कोयता घालायचा, शेंडा छाटायचा, ऊस मागे टाकायचा. नवरा तोडतो, बायको पाचट काढून मोळी बांधते आणि डोक्यावरून गाडीकडे नेते. हिशेबात या दोघांना मिळून 'एक कोयता' म्हणतात. उचल पुरुषाच्या नावावर. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला, पण त्यातले बाईचे किती, हे कोणत्याच कागदावर नाही. हा मुद्दा दुपारी वकिलांच्या टेबलावर परत येतो.

आम्ही बांधावर तिपाई उभी करतो. तिच्यावर तीन तापमापक: एक साधा, एक ओल्या कापडाचा, एक काळ्या गोळ्यातला. शेतकऱ्याला वाटतं आम्ही पाऊस मोजतोय.

सकाळी ७:३०

कारखान्याची स्लिप भरणारा पोरगा येतो. गाडी नंबर, शेतकऱ्याचं नाव, गट, उसाची जात, तोडीची तारीख, सगळं टिपतो. उसाच्या नोंदीत आमचा मुलूख पहिल्यापासून पुढे. १९९८ साली वारणा खोऱ्यातल्या ७० गावांत 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्पातून संगणक आले, आणि आपल्या उसाचं वजन न् बिल शेतकऱ्याला गावात बसून कळावं ही त्यामागची कल्पना होती. देशातल्या शहरांतही तेव्हा बऱ्याच लोकांनी संगणकाला हात लावला नव्हता. आज ऊस कुठल्या गटातून निघाला आणि काट्यावर किती भरला हे मिनिटात सांगता येतं. तो तोडताना कोणाचं बोट गेलं, हे सांगायला कुठे जागाच नसते.

अशी नोंद असली की काम किती सोपं होतं ते बाहेर दिसतं. कॅनडातल्या टोरांटोत १९९० मध्ये ऑन्टारिओ वर्कर्स कॉम्पेन्सेशन इन्स्टिट्यूट सुरू झाली, आजची इन्स्टिट्यूट फॉर वर्क अँड हेल्थ. तिथल्या संशोधकाला भरपाईच्या दाव्यांची आयती नोंद मिळते. पाठ कोणाची दुखली, किती दिवस रजा, परत कामावर कधी. तो नोंदीपासून सुरुवात करतो. आपल्याकडे अहमदाबादला राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था १९६६ पासून आहे, मुंबईत शीवला केंद्रीय श्रम संस्था आहे, तिथे चांगलं काम होतं. पण फडातल्या माणसाचा दावाच दाखल होत नाही, तर अभ्यास कशाचा करायचा? म्हणून आधी नोंद तयार करणं हेच आमचं संशोधन. याला कोणी पीएच.डी. देत नाही.

सकाळी ९

गुऱ्हाळ. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गुऱ्हाळातल्या माणसाच्या कामात त्याने काही बदल झाला नाही. चुलवाणाच्या तोंडाशी बसून चिपाड आत ढकलणारा माणूस जानेवारीतही उघड्या अंगाने घाम पुसत असतो. काहील उतरवताना पाक अंगावर उडाला तर कातडीला चिकटतो, पाण्यासारखा ओघळून जात नाही. भाजल्याच्या खुणा इथे सगळ्यांच्या हातांवर आहेत, आणि विचारलं तर "ते काय, व्हायचंच" एवढंच उत्तर.

मॅडमचं लक्ष मात्र चिपाडाच्या ढिगाकडे असतं. उन्हात वाळवून त्याच आठवड्यात जाळलेल्या चिपाडाचं त्यांना फारसं भय वाटत नाही. ओलसर ढीग महिनोन् महिने पडून आतून तापला की त्यात उष्णता मानवणारे सूक्ष्मजीव वाढतात, आणि तो ढीग उपसताना उडणारी धूळ फुप्फुसात जाते. चार-सहा तासांनी, म्हणजे माणूस घरी गेल्यावर, ताप, खोकला, दम लागणं सुरू होतं. दवाखान्यात त्याला फ्लू म्हणतात, पुन्हा पुन्हा झालं तर क्षय समजून तपासतात. या आजाराचं नाव बॅगॅसोसिस. ऊसवाल्या कोल्हापुरात हे नाव किती जणांना माहीत असेल? भरपाईच्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात मात्र ते चक्क छापलेलं आहे, सिलिकोसिसच्या खालीच.

म्हणून मॅडमचा प्रश्न नेहमी उलटा असतो. "खोकला आहे का?" असं त्या विचारत नाहीत. "ढीग उपसला त्या दिवशी संध्याकाळी कसं वाटलं होतं?" असं विचारतात. त्यावर माणूस थबकतो आणि आठवू लागतो.

सकाळी ११:३०

परत फडात, तिपाईपाशी. ओल्या कापडाच्या तापमानाचा सात दशांश, काळ्या गोळ्याचा दोन दशांश, साध्या हवेचा एक दशांश, यांची बेरीज म्हणजे उष्णतेच्या ताणाचा आकडा. समजा ओलं २३, गोळा ४४, हवा ३२. उत्तर येतं २८.१. रेडिओवर ऐकू येणारे ३२ अंश कोणाला भीती घालत नाहीत. पण उन्हाला सरावलेल्या माणसाने जड काम सलग करावं, याची आंतरराष्ट्रीय मानकातली मर्यादा २६ च्या आसपास आहे. म्हणजे फेब्रुवारीच्या सुखद दुपारीसुद्धा या माणसाने दर तासाला सावलीत बसायला हवं.

बसणार कसा? पैसे टनावर आहेत. विश्रांती म्हणजे स्वतःच्या मजुरीतली कपात, आणि उचल फिटायची असते.

अशाच उन्हात निकाराग्वा आणि एल साल्वाडोरमध्ये तिशी-चाळिशीतले ऊसतोडे मूत्रपिंड निकामी होऊन मरू लागले, मधुमेह नसताना, रक्तदाब नसताना. तिथल्या अभ्यासांतून पुढे आलेला उपाय तीन शब्दांत मावतो: पाणी, विश्रांती, सावली. आपल्याकडे तसंच आहे असं मी म्हणणार नाही. तेच शोधायला तर पहाटे नमुन्यांचे डबे गोळा करतो. पण पाण्याविषयी विचारल्यावर फडातल्या एका बाईने ताईंना जे सांगितलं ते कोणत्या प्रश्नावलीत नव्हतं. "पाणी पेलं की जावं लागतंय. अन् जायचं कुठं? समदीकडं गडी." म्हणून ती सकाळपासून तांब्याभरही पाणी पीत नाही. तिची 'आधी' आणि 'नंतर'ची वजनं मॅडम दोनदा तपासून पाहतात.

बायकांच्या प्रश्नावलीत एक ओळ पोटाच्या शस्त्रक्रियेची आहे. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर बीड जिल्ह्याचे आकडे आले: ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली. ती ओळ ताई कधीच मोठ्याने वाचत नाहीत. फडापासून थोडं लांब जाऊन बसतात, स्वतःच्या गावाकडचं काही बोलतात, मग विचारतात. आम्ही तेवढा वेळ बैलांची विचारपूस करतो.

दुपारी १

कोडोलीत जेवण. आमटी तिखट असते आणि त्याबद्दल मॅडम रोज तक्रार करतात.

दुपारी २

एका दवाखान्याची नोंदवही चाळायला परवानगी मिळाली आहे. 'पडल्याने', 'कापल्याने', 'भाजल्याने'. कुठे पडला, काय करताना कापलं, हा रकाना नाही. व्यवसायाच्या जागी पुरुषांपुढे 'मजूर' आणि बायकांपुढे 'गृहिणी'. पहाटे चारच्याही आधी उठून टनाने ऊस वाहणारी बाई गृहिणी! लिहिणाऱ्या सिस्टरचा यात दोष नाही, तिच्यासमोर रांग असते. पण वर्षभराने न्यायालयात हाच कागद पुरावा म्हणून उभा राहतो आणि समोरचा वकील हसतो.

दुपारी ३:३०

वकिलांचं टेबल. समोर डाव्या हाताचा अंगठा गमावलेला एक जण. वय तीसच्या घरात, सोबत बायको.

१९२३ चा कामगार भरपाई कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत मुरला आहे, पण शरीराचा भावफलक जुनाच. अंगठा ३० टक्के. तर्जनी मुळापासून गेली तर १४. करंगळी ७. एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत असेल तर ४०. पहिल्यांदा वाचताना शहारा येतो, पण या फलकामुळेच वाद कमी होतो, हेही खरं.

वकील गणित मांडतात. महिन्याचं वेतन, २०२० च्या जानेवारीपासून त्याची कमाल मर्यादा १५,०००. त्याचे ६० टक्के, ९,०००. वयानुसार गुणक, तिसाव्या वर्षाला २०७.९८. गुणाकार १८,७१,८२०. त्याचे ३० टक्के: ५,६१,५४६ रुपये. आकडा ऐकून नवरा-बायको एकमेकांकडे बघतात.

मग वकील दुसरा कागद घेतात. वेतन सिद्धच करता आलं नाही, तर कायद्याने ठरवलेला तळ १,४०,०००, त्याचे ३० टक्के ४२,०००. निदान किमान वेतन धरा म्हणून भांडायचं असतं. एकाच अंगठ्याच्या दोन किमतींतला हा फरक मुकादमाच्या वहीतल्या एका ओळीवर ठरतो. आणि अंगठा बायकोचा असता तर? 'कोयता' दोघांचा, उचल नवऱ्याच्या नावावर, मग तिचं वेतन किती मांडायचं?

पुढचा प्रश्न, मालक कोण. मुकादम म्हणतो मी नुसता माणसं पुरवतो. ठेकेदाराच्या माणसाची जबाबदारी काम देणाऱ्या मूळ मालकावर टाकायची सोय कायद्यात आहे, पण अपघात त्याचं काम चालतं अशा किंवा त्याच्या ताब्यातल्या जागेवर झालेला असावा लागतो. फड तर शेतकऱ्याचा. मग कारखान्याच्या ताब्यात काय? तोडीचा क्रम, तारीख, गाडी, स्लिप. सकाळी पोरगा भरत होता ती स्लिप. वकील तिच्या झेरॉक्स जपून ठेवायला सांगतात. दावा करायला दोन वर्षांची मुदत असते आणि गावी परतल्यावर ती कधी संपते ते कळत नाही.

अपघाताचं निदान दिसतं तरी. आजाराचं अवघड. तिसऱ्या परिशिष्टाच्या दुसऱ्या भागात अतिउष्ण हवामानातल्या उष्णतेने होणारा आजार आहे, म्हणजे रकाना आहे. पण त्या भागातला आजार कामामुळेच झाला असं कायद्याने धरायचं, तर एकाच मालकाकडे सलग सहा महिने नोकरी हवी. गाळप हंगाम चार-पाच महिन्यांचा. पुढच्या साली मुकादम वेगळा, कारखाना वेगळा. आयुष्यभर उन्हात ऊस तोडणाऱ्याचे सहा महिने कधीच भरत नाहीत. ही अट कारखान्याच्या कायम कामगाराला नजरेसमोर ठेवून लिहिली गेली असावी. फडातला माणूस लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आलाच नसेल. माझ्या मते आमच्या सगळ्या डब्यांचा आणि तापमापकांचा उपयोग शेवटी एकाच ठिकाणी आहे: हे सहा महिने हंगामांच्या बेरजेने मोजा, असं कोणीतरी पुराव्यानिशी म्हणायला हवं.

संध्याकाळी ५:३०

'नंतर'चे नमुने. आता कोणालाच बोलायचं नसतं. वजनकाट्यावर चढताना माणसं कठड्याला धरतात. नमुने बर्फाच्या पेटीत घालून मी वाठारमार्गे कोल्हापूरला निघतो. रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग, मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या. रिफ्लेक्टर लावायची मोहीम दरवर्षी होते, आणि दरवर्षी पहिला अपघात झाल्यावर होते.

रात्री ८

मॅडम आकडे भरतात, ताई त्यांच्या बाजूला बसून टिपणं वाचतात. मुकादमाचा फोन येतो. त्याला दुपारच्या अंगठ्याची बातमी लागली आहे.

"सायेब, त्याला उगं कोर्टात कशाला नेताय? दवाखान्याचं बिल मीच भरलं की."

"मग त्याच्याकडून परत घेणार नाही ना?"

"ते उचलीत धरलंय."

मी विचारलं, वहीत लिहिलंय का तसं. लिहिलंय म्हणाला, तारखेसकट. वकिलांना लगेच कळवलं. मुकादमाने स्वतःच्या हाताने लिहिलेली ती ओळ म्हणजे हा माणूस त्याच्याकडे कामाला होता आणि कामावर असताना जखमी झाला याचा पुरावा. उद्या सकाळी वहीच्या त्या पानाचा फोटो घ्यायचा आहे. टोळी परवा शाहूवाडीकडे हलणार असं फोन ठेवताना त्याने सांगितलं, तेव्हा पहाटे तीनलाच निघावं लागेल.